ओढ्यावरची सुगरण

पहिला पोपट फुगून भोपळा झाला.

धाकलीनं मांजरपाटाच्या तुकड्यावर पेन्सिलीनं नेटकी बाह्यरेषा काढली होती. चोच, मान, लांब शेपूट, सगळं जागच्या जागी. मग हिरव्यात पाणी घालून ब्रश टेकवला आणि रंग रेषेला न जुमानता चारी बाजूंनी धावला. कागदावर रंग बऱ्यापैकी ऐकतो. कापडाला उभे-आडवे धागे असतात. ओला रंग त्यांच्या गल्ल्यांतून वाट मिळेल तिकडे पळतो. पोपटाची मान पोटात गेली, पोट शेपटीत. दुसरा पोपट तिनं घट्ट रंगात केला. तो दिसायला झकास झाला, पण पहिल्याच धुण्यात त्याची निम्मी पाठ बादलीत उतरली. कापडाची खळ काढलेली नव्हती, त्यामुळे रंग धाग्यात न शिरता खळीवरच बसला होता.

त्या उन्हाळ्यात पंधरा-वीस तुकडे वाया गेले आणि त्यातून एक रीत बसली. मांजरपाट रात्रभर भिजवून गरम पाण्यात धुवायचं. भरतकामाच्या रिंगमध्ये डफासारखं ताणायचं. रंगात पाण्याऐवजी मीडियम, आणि ब्रश दर वेळी फडक्याला टिपून. सावलीत वाळवायचं, दुसऱ्या दिवशी उलट बाजूनं गरम इस्त्री. ही रीत तिच्या हाताला चुकत चुकत लागली.

धाकली हे तिचं घरातलं नाव, आपणही तेच वापरू. शाळेत एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या दोन्ही चित्रकला परीक्षा दिलेली, आता नांदेडला कलेचं शिक्षण घेणारी, सुट्टीत माहूरला घरी येणारी. रेणुकामातेच्या गडाखाली तिच्या मायचं ओटीच्या सामानाचं दुकान. खण, नारळ, हळदीकुंकू, हिरव्या बांगड्या. आसपास तांबूल कुटणाऱ्यांचे खलबत्ते दिवसभर वाजत असतात. रेणुका, दत्तशिखर आणि अनसूया अशा तीन ठिकाणी वर-खाली करून दमलेला भाविक अशा दुकानापुढं जरा टेकतो आणि टेकला की वस्तू हाताळतो. धाकलीनं खणांच्या दोरीवर आपले रुमाल लटकवले. पोपट दोन दिवसांत संपले.

मग मोर. मग मोबाइलवरून शोधलेले आणखी पाच-सहा पक्षी. मागणी वाढली तशी तिनं दवाखान्याच्या जुन्या एक्स-रे फिल्मचे छाप कापले. छाप ठेवायचा, स्पंजानं रंग टिपायचा, डोळा आणि चोच तेवढी हातानं. तासाला सहा पोपट. सगळे डावीकडं बघणारे, कारण छाप डावीकडं बघणारा होता. माय खूश होती. पोरीच्या शिक्षणाचा खर्च पोरगीच काढून राहिली, असं ती शेजारणींना सांगायची.

लग्नसराईत पळसाच्या पानांच्या पत्रावळी घेऊन एक म्हातारी बाजाराला यायची. किनवटच्या वाटेला सागाच्या जंगलाला लागून तिचं गाव. पत्रावळीचा भारा खाली ठेवून ती मायच्या दुकानाच्या सावलीत घटकाभर बसे. एकदा तिनं रुमाल बोटांत धरला, डोळ्याजवळ नेला आणि विचारलं,

"काय खाल्लं गं यानं?"

"कुणी?"

"या राघूनं. पेरू खाल्ला का मिरची, चोचीवर काहीतरी दिसतंच की. आन् बसला कसा हा फांदीवर? याला तीन बोटं पुढं, एक मागं. कावळ्याचे पाय लावले तू याला."

धाकलीला राग आला. रात्री तिनं मोबाइलवर पोपटाच्या पायांचे फोटो मोठे करून पाहिले. दोन बोटं पुढं, दोन मागं. म्हातारीचं खरं होतं. पोपट त्या चार बोटांनीच फांदीला चिमट्यासारखं धरतो. धाकलीनं आजवर विकलेला एकही पोपट फांदीला धरून बसलेला नव्हता, नुसता चिकटवलेला होता. तिनं छाप सुधारला. राग मात्र तसाच राहिला, कारण चूक दाखवणारी बाई कधी शाळेत गेलेली नव्हती आणि आपण परीक्षेत चांगली श्रेणी मिळवली होती. शिकलेल्या माणसाला हा राग फार लवकर येतो, मी स्वतःवरून सांगतो.

जूनच्या सुरुवातीला पुसदच्या एक बाई दर्शनाला आल्या. लेकीला बाळ झालं होतं, त्याच्यासाठी दुपटं हवं होतं. "सुगरण काढ त्यावर. खोपा, पिल्लं, सगळं. शाळेत कविता होती ना आपल्याला!" बहिणाबाईंची सुगरण महाराष्ट्रातल्या कुठल्याही घरात अशी न बोलावता येते. बाईंनी पाचशे रुपये आगाऊ दिले. दिव्याच्या अवसेला येऊन घेऊन जाते म्हणाल्या.

धाकलीनं मोबाइलवर शोधलं. पिवळाजर्द, काळ्या तोंडाचा, लाल डोळ्याचा देखणा पक्षी गवताच्या खोप्याला लटकलेला. तिनं तो मन लावून रंगवला. छाप न वापरता, पिसापिसानं. खोप्याच्या दारात तीन पिल्लं, चोची वासलेली. दुपटं दोरीवर वाळत असताना म्हातारी आली. या खेपेला तिनं कापडाला हातही लावला नाही.

"हे कोण?"

"सुगरण, आजी."

"आपल्याकडची नाय. आन् खोप्याला नळी कुठं हाये? लेकरं दारात बसवली, कावळा ठेवील का एक तरी? पिवळा तर दादला असतो. आई अशी पिवळी नसते, चिमणीवानी असते."

म्हातारी गेल्यावर धाकलीनं दुपट्याचा फोटो नांदेडच्या सरांना पाठवला. सरांनी तो पक्षिनिरीक्षण करणाऱ्या मित्राला दाखवला आणि संध्याकाळी फोन आला. पक्षी आफ्रिकेतला निघाला. सहाराच्या दक्षिणेला विणकर पक्ष्यांच्या पुष्कळ जाती आहेत, त्यांतली एक. आपल्याकडच्या सुगरणीच्या नराची टोपी पिवळी असते, तोंड गडद तपकिरी, पाठ पट्ट्यापट्ट्यांची. तिचा खोपाही वेगळा. वर देठ, मध्ये फुगीर पोट आणि खाली हातभर लोंबणारी नळी. पिल्लं आत अंधारात असतात, बाहेरून दिसत नाहीत. पैनगंगेच्या काठची पोरगी आजवर न पाहिलेल्या मुलखातला पक्षी घरच्या बाळासाठी रंगवत होती.

"पण सर, पैठणीवरचा मोर तरी कुठं खरा असतो?" धाकलीनं वाद घातला. वाद चांगला होता. पैठणीच्या पदरावर बांगडीत बसवलेल्या मोराला कुणी त्याची पिसं मोजून दाखव म्हणत नाही.

सर थोडं थांबले. "पैठणीचा मोर विणकर उभ्या-आडव्या धाग्यांतून मोजून काढतो. तो काठापदराचा मोर आहे, झाडावरचा नाही. हा मी पाहिला असं विणकर कधी म्हणत नाही. तू मात्र फांदी काढलीस, पानं काढलीस, उजवीकडून ऊन पाडलंस. इतकं सगळं काढलं की ती साक्ष झाली. साक्ष द्यायची तर जागेवर हजर राहावं लागतं."

मग त्यांनी तिला सालिम अलींबद्दल सांगितलं. १९३० साल. जर्मनीत शिकून आलेल्या या माणसाला मुंबईत नोकरी उरली नव्हती, म्हणून ते अलिबागजवळच्या किहीमला राहायला गेले. तिथं सुगरणींची वसाहत होती. हाती वेळच वेळ, म्हणून ते तिच्याकडं बघत बसले. दिवसच्या दिवस बसले आणि तोवर पुस्तकांत नसलेलं सुगरणींचं घरकाम त्यांना दिसलं. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात १९३१ मध्ये ते छापून आलं. काय दिसलं, ते मात्र सरांनी सांगितलं नाही. "आत्ता सांगितलं तर माझी नक्कल काढशील."

मायला हे सगळं पटलं नाही. "गिऱ्हाईकाला काय कळतं? चांगलं दिसून राहिलं ते, देऊन टाक."

"नासका नारळ निघाला तर तू बदलून देतेसच ना?"

"नारळ फोडला की कळतं गं. पक्षी कोण फोडून बघणार?"

या प्रश्नाला धाकलीकडं उत्तर नव्हतं. माय खोटं बोलणारी बाई नव्हे. चाळीस वर्षं गडाखाली बसून तिनं कुणाला सडका नारळ दिला नाही. पण तिच्या हिशेबात खोट म्हणजे जी उघडी पडते ती. धाकलीनं दुपटं घडी करून ठेवलं. आषाढ लागल्यावर एका सकाळी ती म्हातारीच्या गावच्या जीपमध्ये बसली.

ओढ्यावर एक बाभूळ पाण्यावर वाकलेली होती आणि तिला खोपे लागले होते. मोजले तर चौदा. बहुतेक झाडाच्या पूर्वेच्या अंगाला, म्हणजे पावसाचा मारा पश्चिमेकडून येतो त्याच्या आडोशाला. काही पूर्ण, नळीसकट. काही अर्धे, उलट्या टोपलीसारखे, मधोमध एक आडवी दांडी. म्हातारी काठावर गोणपाट पांघरून बसली आणि पळसाची पानं काड्यांनी टाचू लागली. धाकलीनं मोबाइल काढला. झूम केल्यावर पिवळ्या ठिपक्यांची कालवाकालव तेवढी दिसली. दुपारपर्यंत बॅटरी गेली. मग वही.

पहिल्या दिवशी एकही चित्र पुरं झालं नाही. पक्षी थांबतच नव्हता. नर गवताच्या उंच पात्याला बुडाशी चोचीनं खाच पाडतो, ती कड धरून उडतो आणि उडता उडता पात्याची लांब पट्टी सोलून निघते. ती घेऊन बाभळीवर येतो. पायानं दाबून धरतो, चोचीनं ओवतो, गाठ मारतो, ओढून बघतो. पुन्हा उडतो. एक खोपा पुरा करायला अशा पाचशेपर्यंत खेपा होतात, असं पक्षी अभ्यासणारे सांगतात. धाकलीनं फक्त एका तासाच्या मोजल्या आणि सोडून दिलं.

तिसऱ्या दिवशी म्हातारीनं कोपरानं ढोसलं. "आली बघ."

चिमणीसारखी, मळकट, पाठीवर गडद रेघा. ती बाभळीवर उतरली मात्र, सगळे पिवळे एकदम आपापल्या अर्ध्या खोप्याला खाली लटकून पंख फडफडवत कलकलाट करू लागले. ती एका टोपलीवर गेली. दांडीवर बसली, आत वाकली, एक पट्टी चोचीत धरून ओढली. दुसरी ओढली. नर खाली उलटा लटकलेला, पंख थरथरतायत. ती उडून गेली.

धाकलीचा श्वास अडकला होता. महाविद्यालयात तिचं पोपटांचं काम परीक्षकांनी असंच दोन बोटांनी उचलून, उलट करून, ठेवून दिलं होतं, आणि ती तीन दिवस जेवली नव्हती. आता हा काय करतो? नर थोडा वेळ दांडीवर बसला. मग उडाला, गवताची पट्टी घेऊन आला आणि त्याच फांदीवर वीतभर अंतरावर नवी गाठ मारायला लागला.

"तो जुना मोडत नाही, आजी?"

"मोडायला येळ कुठं हाये त्याला? पाऊस सरल ना."

बाभळीवर लटकणाऱ्या त्या अर्ध्या टोपल्या तिनं पुन्हा मोजल्या. पाच. सकाळी तिला वाटलं होतं त्या अजून बांधायच्या आहेत.

ती आठ दिवस जात राहिली. आमच्याकडं असं म्हणतात की सुगरण खोप्यात ओल्या मातीला काजवा चिकटवून उजेड करते. धाकलीनं मातीचे गोळे पाहिले. अर्ध्या खोप्यात नर चोचीनं आणून लावतो ते. काजवा काही दिसला नाही, म्हणून तो तिनं काढला नाही. वहीची साठ पानं भरली. त्यातलं एकही तिनं फाडलं नाही.

नवं कापड तिनं मुद्दाम कोरं घेतलं, ब्लीच न केलेलं मांजरपाट. खळ काढली तरी त्याचा पिवळट-मातकट रंग राहतो. मादीच्या छातीला तिनं रंगच लावला नाही. कापडाचा कोरा रंग हुबेहूब तिच्या छातीचा होता. फक्त पाठीच्या रेघा, डोळा, चोच, आणि चोचीत धरून ताणलेली एक पट्टी. खोप्यासाठी तिनं एवढ्या कष्टानं बसवलेली रीत मोडली. रंगात मीडियमऐवजी पाणी घातलं आणि ब्रशचं टोक टेकवून सोडून दिलं. रंग धाग्याधाग्यानं पळाला. भोपळा झालेल्या त्या पहिल्या पोपटात जे बिघडलं होतं, तेच इथं गवत झालं. खाली नर, उलटा लटकलेला, पंख अर्धे उघडे. पिल्लं नाहीत. शेजारी पाच रिकाम्या टोपल्या.

दिव्याच्या अवसेला पुसदच्या बाई आल्या. धाकलीनं दोन्ही दुपटी समोर मांडली आणि पहिल्यातला पक्षी आफ्रिकेचा आहे, हे आधी सांगितलं. मग दुसरं दाखवलं. ही मादी, हा नर, विणणारा तोच.

"नर विणतो? सुगरण म्हणजे तो?" बाई हसल्या आणि पायऱ्या उतरून दमलेल्या नवऱ्याकडं वळल्या. "ऐकलं का?"

"हो. खोपा पसंत पडला की मादी आत राहते, अंडी घालते, उबवते, पिल्लांना भरवण्याचं बहुतेक सगळं तीच बघते."

"आणि हा?"

सरांनी आता सांगायला हरकत नाही म्हणून सांगितलं होतं, किहीमला सालिम अलींना तेच दिसलं होतं. धाकली जरा चाचरली. "तो शेजारी दुसरा खोपा बांधतो. दुसरीसाठी."

बाईंचा चेहरा बघण्यासारखा झाला. "नको गं बाई! नातवाच्या दुपट्यावर असला बाप नको." आणि त्यांनी आफ्रिकेचा पिवळाजर्द पक्षी उचलला, तीन पिल्लांसकट. ठरलेले पैसे पूर्ण दिले. "तू सांगितलंस ना, झालं. मला तर हाच आवडला."

बाईंचं काही चुकलं असं मला वाटत नाही. दुपट्यावर त्यांना आईची माया हवी होती, पक्षी हे निमित्त होतं. बहिणाबाईंनाही सुगरणीचं घर मोजायचं नव्हतं, त्यांना माणसाला दोन शब्द सांगायचे होते. माय मात्र पैसे मोजताना म्हणाली, "म्हटलं नव्हतं?" आणि ते खरंच होतं.

दुसरं दुपटं दोरीवर लटकत राहिलं. पोपट विकले जात होते, दोन बोटं पुढं, दोन मागं असलेले, आता डावीकडं आणि उजवीकडंही बघणारे, कारण छाप उलटा करून ठेवता येतो हे तिच्या एवढ्या दिवसांनी ध्यानात आलं होतं. गिऱ्हाईक त्या मातकट कापडाजवळ थांबे, "यावर रंग सांडला का?" असं विचारी आणि पुढं जाई. मायनं ते दोनदा घडी करून ठेवलं, दोनदा धाकलीनं नांदेडहून आल्यावर बाहेर काढलं. एवढं मात्र झालं की धाकली नसताना कुणी पोपटाचा रुमाल मागितला, तर माय तो आधी उजेडात धरून पायाची बोटं मोजायची.

नवरात्रात गडावर पाय ठेवायला जागा नव्हती. सीताफळांचा हंगाम. म्हातारी डोक्यावर पाटी आणि संगतीला गावची आणखी एक बाई घेऊन आली. सावलीत टेकली, घाम पुसला, वर पाहिलं. धाकली नारळ लावता लावता थांबली. आता ही काय विचारणार, याची उत्तरं तिनं मनात जुळवून ठेवली होती. काय खाल्लं, कुठं बसली, पाऊस कुठून येतोय.

म्हातारीनं काहीच विचारलं नाही. उठून कापडाचा कोपरा धरला, मादीच्या चोचीतल्या पट्टीवर बोट ठेवलं, मग पाच टोपल्यांवरून एकेक करत बोट फिरवलं. शेजारच्या बाईला हाक मारून म्हणाली,

"इकडं ये गं. आपल्या ओढ्यावरची हाये ही."